खळ्यातलं बेट

उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट जुळवून त्याचं कडं करायचं, ते डोळ्याला लावायचं, दुसरा डोळा मिटायचा आणि रस्त्यात उभं राहून आपल्याच घराकडे बघत राहायचं. असा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला, आणि रोज पाहिला. बघून झालं की त्यांचा हात खाली यायचा, मान दोनदा हलायची आणि ठरलेले दोन शब्द यायचे, "वायच सरकवया."

वायच म्हणजे जरासं. पण आमच्या शेजारच्या काकांचं जरासं संध्याकाळपर्यंत चालायचं. केळीचा कोंब पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचा. कर्दळीची रांग मोडून तिचा घोळका व्हायचा. लाल-पिवळ्या पानांचं एक क्रोटन होतं, ते तर एका पावसाळ्यात नऊ ठिकाणी लावलं गेलं. मी एकदा मधल्या कुंपणाच्या गडग्यावरून म्हटलं, "काका, तेका आता मुळां नाय, चाकां फुटतली."

ते हसले नाहीत. क्रोटनकडे गंभीरपणे बघत म्हणाले, "फुटली तर बरांच गो बाय. माझो त्रास वाचात."

आमच्या दोन घरांच्या मध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. मालवणहून कुडाळला जाणारी एसटी दारावरून जायची. माझं शिलाई मशीन पडवीत, आणि उजेडासाठी मी त्याचं तोंड त्यांच्या खळ्याकडे केलेलं. खळं म्हणजे आमच्याकडे घरापुढचं अंगण. तेव्हा पाय मशीनवर आणि डोळे त्यांच्या खळ्यात, असं माझं ऐंशीनंतरचं ते सगळं दशक गेलं म्हणा ना.

काका सव्वीस वर्षं मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते. वर्षातून दोन महिने घरी, तेही सलग नाहीत. लेक लहानाची मोठी होऊन बेळगावला दिली, तिच्या लग्नातसुद्धा हे हळद उतरल्यावर पोचले. घरात काकी एकटी. ती रोज सकाळी आंघोळ करून खळ्यातल्या तुळशीला पाणी घालायची, आणि विचारलं की सांगायची, "बोट खंय आसा ता माका म्हायत नाय. तुळस हिरवी आसा तवसर तो बरो आसा." पत्र यायला दीड-दीड महिना लागायचा, तुळस रोज दिसायची. तिचा तोच कारभार होता.

मग एका वर्षी काका आले आणि काकीने त्यांना तुळशीपुढे उभं करून वदवून घेतलं, की आता पुरे. ते "बरां" म्हणाले. पण काळी लोखंडी पेटी पडवीत होती तशीच राहिली, भरलेली, कुलूप लावलेली. आत दोन शर्ट, एक गरम बंडी आणि त्यांच्या स्वतःच्या सुऱ्या. काकी म्हणायची, "पेटी खोला." ते म्हणायचे, "वायच थांब."

त्यांना बसताच यायचं नाही. जेवायचे उभ्याने, ओट्याला टेकून. चहा घेऊन खळ्यात, खळ्यातून रस्त्यावर, रस्त्यावरून विहिरीपर्यंत, तोवर चहा निवलेला. पहिल्या आठवड्यात त्यांनी हौसेने भात आणि बांगड्याचं तिखलं केलं. हाताला सवय तीस माणसांची. तो भात आम्ही तीन घरांनी दोन वेळा खाल्ला. काकी टोप घासता घासता म्हणाली, "आता तुमका हय खलाशी खंयसून हाडून दिवया?"

कुडाळची गाडी गेली की ते गडग्याशी येऊन ती वळणाआड होईस्तोवर बघत राहायचे, आणि त्यांचा एक पाय आपला थरथरत असायचा. मी ते पाहत होते आणि काकीही पाहत होती. 

अशात एक दिवस त्यांनी जाहीर केलं, "माका खळ्यात बेट करूचा आसा."

शेजारचे आबा तेव्हा सत्तरीचे, माडांच्या बागेत जन्म गेलेला माणूस. ते काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "आरे, माड आसत, केळी आसत, दर्या तीन मैलार आसा. बेटाक आनी काय शिंगां आसतत?"

काका म्हणाले, "आबानू, तुमचे माड कवायतीक उबे केल्यासारखे. बेटार माड आपल्या मनान झुकतत."

आता खरं सांगायचं तर मला ते पटलं. आमच्याकडे झाड म्हटलं की ते कामाचं. माड ओळीत, हात मोजून लावलेले. पोफळी पाटाच्या कडेने. फूलझाड असलं तर देवाला किंवा डोक्यात माळायला. नुसतं डोळ्यांनी बघायला म्हणून कोणी काही लावलेलं आमच्या वाडीत नव्हतं. काकीने तेच विचारलं, "खावक नाय, देवाक नाय, केसात घालूक नाय. मगे ह्या झाड करता काय?"

"काय करूक नाय," काका म्हणाले. "नुसता आसता."

पण तेव्हापासून त्यांना हाताला काम मिळालं हे खरं. विहिरीच्या कपारीतले नेचे त्यांनी नारळाच्या सोडणांत लावून टांगले. व्हाळाकाठचं रानअळू आणलं, त्याची पानं सुपाएवढी झाली. खाडीवरून केवडा आणला, तेव्हा काकी दारातच आडवी आली. केवड्याला सरप येतात. केवडा गेला तो थेट परड्याच्या, म्हणजे मागच्या आवाराच्या, टोकाला. देवबागहून कोणाच्या तरी मोडक्या होडीचं पुढचं टोक आणलं, ते जमिनीत अर्धं पुरून ठेवलं. आणि एक माड लावला, तिरका. म्हणजे रोपच आडवं कलवून, बांबूची मेढ देऊन, समुद्र ज्या अंगाला त्या अंगाला वाकेल असा. सबंध वाडी बघायला आली. दोन पावसाळे गेले आणि त्या माडाचा बुंधा राहिला तिरका, पण शेंडा वळून निमूट सरळ वर गेला. आबा म्हणाले, "तुझो माड शाळेत गेलो रे. गुरुजी दिसल्यार उबो रवलो."

काका रस्त्यावर गेले, बोटांचं कडं केलं, बघितलं. "जमाक नाय," म्हणाले.

ते तसं का बघतात हे मी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, फोटोवाले बघतात तसं असेल.

सगळं सरकवून झालं आणि उरली एक तुळस. ती बरोबर खळ्याच्या मध्यावर, चौकोनी वृंदावनात. रस्त्यावरून बघितलं की पहिली तीच दिसायची. एका सकाळी काका कडं करून उभे, आणि मी मशीनवरूनच ओळखलं आता काय होणार ते. त्यांनी तोंड उघडलं, "ही वायच..."

काकी शेणाचं सारवण घालत होती. तिने वर बघितलं नाही. हात तसाच फिरवत म्हणाली, "घर सरकवा. ती सरकाची नाय."

मग त्यांनी दुसरा उपाय काढला. बेटाला वाळू असते, पांढरी. खळ्यात सगळीकडे पांढरी वाळू घातली की वृंदावनही त्यात शोभेल. नवरात्र संपता संपता देवबागच्या किनाऱ्यावरून एक टेंपो भरून वाळू आली. आबांनी चिमूट उचलून जिभेला लावली आणि थुंकले.

"खारी आसा. परड्यात ढीग घाल. एक पावस खावंदे तिका, मगे पसर."

हे आमच्याकडे लहान पोराला ठाऊक असतं. समुद्राची वाळू पावसाने धुऊन निघाल्याशिवाय मातीजवळ आणायची नाही. काकांनाही ठाऊक नव्हतं असं नाही. पण पाऊस नुकताच संपलेला. पुढचा पाऊस म्हणजे आठ महिने.

"आठ म्हयने कोण थांबात, आबानू," म्हणाले, आणि त्याच दुपारी फावडं घेतलं.

खोटं कशाला बोलू, दिसायला सुरेख झालं होतं. पांढरं शुभ्र खळं, त्यात ती पुरलेली होडी, लाल क्रोटन, मागे रानअळूची हिरवीगार पानं. येणारे-जाणारे थांबून बघायचे. वृंदावनातही त्यांनी वरून दोन ओंजळी वाळू घातली, रंगाला रंग मिळावा म्हणून, आणि भोवती शिंपले मांडले. काकीचं सारवण त्या वाळूखाली गेलं.  सकाळी पाणी घालताना वाळूत पावलं उमटायची, तेवढी एक वाट दिसायची, दारापासून तुळशीपर्यंत.

तुळशीची पानं आधी कडेने करपली. मग गळली. काकी पाणी घालत राहिली, आणि प्रत्येक तांब्याबरोबर वरच्या वाळूतलं मीठ खाली मुळांकडे जात राहिलं. तुळशीचं लगीन दहा दिवसांवर आलं तेव्हा वृंदावनात नुसत्या काड्या होत्या.

त्याच आठवड्यात पोस्टमन कंपनीचं पत्र देऊन गेला. एक स्वयंपाकी कमी पडतो आहे, यायचं असेल तर अमुक शनिवारपर्यंत मुंबईत हजर व्हा. काकांनी ते वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. मग काढून पुन्हा वाचलं.

त्या दुपारी ते रस्त्यावर उभे होते, कडं डोळ्याला लावून. काकी बाहेर आली आणि सुकलेल्या तुळशीजवळ थांबली. मी हातशिलाई करत होते, ती सुई तशीच राहिली.

काकी हळूच म्हणाली, पण वारा माझ्याकडे होता, मला सगळं ऐकू आलं. "सव्वीस वर्सां तुमी बोटीर होतास. एक दिवस सुकाक नाय ती. तुमी घराक इलास आनी सुकली."

काकांचा हात खाली आला.

"आनी माका येक सांगा," ती म्हणाली, "ह्या तुमच्या बेटार माका खंय बसवतलास? तुमी आपले थय रस्त्यार उबे रवान बघतास. जाग्याक जागो नाय ठेवक. पाय टेकूक नाय."

काका रस्ता सोडून वळले. मग आत आले, गडग्याच्या आत, आणि वृंदावनाच्या कठड्यावर हात ठेवून जे बोलले ते मी त्यांच्याकडून पहिल्यांदाच ऐकत होते. एकदा त्यांची बोट एका बेटासमोर अकरा दिवस नांगरून होती, बंदरात जागा मिळेना म्हणून. बाकीचे पाळीपाळीने उतरून फिरून आले. ह्यांना तीन वेळचं रांधायचं, हे उतरलेच नाहीत. भटारखान्याला एक गोल खिडकी होती, ताटाएवढी. अकरा दिवस कांदा चिरताना ते बेट त्यांनी त्यातून बघितलं.

"म्हणजे तुमी थय गेलासच नाय," काकी म्हणाली.

"नाय."

काकी हसली. मला वाटलं होतं रडेल, पण हसली, पदर तोंडाला लावून. "आरे देवा. मगे तुमका तरी काय म्हायत, थय बसतत खंय ता."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वाळू भरायला घेतली. घमेलं भरायचं, डोक्यावर घ्यायचं, परड्याच्या टोकाला नेऊन टाकायचं. माणूस लावा म्हटलं तर ऐकेनात. तीन दिवस लागले. वृंदावनातली माती त्यांनी कोपरापर्यंत हात घालून उपसली, नवी लाल माती आणून घातली. मी माझ्या तुळशीखालचं एक रोप दिलं, चार पानांचं. काकीने ते पदरात घेतलं आणि स्वतः लावलं. त्या वर्षी लग्नात नवऱ्याच्या जागी खोचलेला दिंडा नवरीपेक्षा हातभर उंच होता. आबा म्हणाले, "बालविवाह लावतास, पोलीस येतले." चिंचा, आवळे, ऊस, सगळं त्या चार पानांभोवती मांडलं. पोह्यांना काकांचा हात लागला होता, म्हणजे सगळ्या वाडीला पुरून उरले.

आणि वाळू काढून झाल्यावर अजून एक गोष्ट त्यांनी केली. पडवीतली पेटी उघडली. शर्ट खुंटीला गेले, सुऱ्या स्वयंपाकघरात. रिकामी पेटी उचलून त्यांनी त्या तिरक्या माडाखाली ठेवली, तुळशीकडे तोंड करून, आणि काकीला म्हणाले, "हय बस." काकी एका कडेला बसली. मग दुसऱ्या कडेला ते बसले. जेमतेम चहा संपेपर्यंत बसले असतील, पण बसले.

आता तुम्ही म्हणाल, झालं, माणूस स्थिरावला. मलाही तसंच वाटलं होतं. पण पेटी रिकामी झाली म्हणून पाय ऐकतात असं नसतं. लग्नानंतरच्या आठवड्यात, शुक्रवारी सकाळी, ते कोणाला काही न बोलता कुडाळच्या गाडीत चढले. मी डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी पत्रातला शनिवार होता, आणि मुंबईची एसटी कुडाळहूनच सुटायची.

काकी विहिरीवरून आली, घरात गेली, बाहेर आली. गडग्याशी येऊन म्हणाली, "तो गेलो?"

मी म्हटलं, "कुडाळच्या गाडीत चढले."

ती माडाखाली जाऊन पेटीवर बसली. "पेटी हय आसा," एवढंच म्हणाली, मला की स्वतःला ठाऊक नाही. दुपारी मी पेज नेऊन दिली, ती तशीच सुकली. मी त्या दिवशी एका ब्लाउजला दोन्ही बाह्या एकाच खांद्याच्या शिवल्या. प्रत्येक गाडीला आम्ही दोघी माना वर करायचो. दुपारची गेली, चारची गेली. काकी जागची हलली नाही, आणि दर थोड्या वेळाने त्या चार पानांकडे बघत होती.

दिवे लागायच्या सुमाराला शेवटची गाडी थांबली आणि काका उतरले. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. सरळ खळ्यात आले आणि काकीपुढे धरलं. आबोलीचं रोप होतं, मुळाला मातीचा गोळा बांधलेला.

"बाजाराक गेलेलंय," म्हणाले.

"बरां," काकी म्हणाली. "हात-पाय धुवा." आणि रोप घेऊन तिने ते पेटीच्या जवळ, स्वतःला पाहिजे तिथे लावलं.

चार-पाच दिवसांनी शर्टाचं बटण लावून घ्यायला काका गडग्याशी आले. बटण लावेपर्यंत चुळबुळ चालली होती. मग म्हणाले, "बाय, काकीक सांगू नको. मी मुंबयच्या गाडीत बसलंय होतंय. खिडकीकडची सीट गावली. गाडी चालू झाली आनी उतारलंय. कित्याक उतारलंय ता विचारू नको, माका म्हायत नाय."

मी सांगितलं नाही.

पुढे ते सहा वर्षं जगले. कडं करून रस्त्यात उभं राहणं सुटलं नाही, सरकवणं सुटलं नाही. गाडी गेली की पाय थरथरायचा तो शेवटपर्यंत. क्रोटन किती वेळा हललं याची मोजदाद मीच सोडली. फक्त ती आबोली त्यांनी कधी सरकवली नाही. पावसापाण्यात पेटी गंजली, कडी तुटली, तरी रोज संध्याकाळी दोघं तिच्या दोन कडांना, आणि काकीच्या अंबाड्यात आबोलीचा वळेसर. मग एका श्रावणात ताप आला आणि पाच दिवसांत काका गेले.

दिवसकार्य झालं, लेक बेळगावला परत गेली. त्यानंतर एका संध्याकाळी मी गडगा ओलांडून गेले. काकी पेटीवर बसली होती. तुळस तेव्हा वृंदावनाबाहेर ओसंडत होती, तिच्या मंजिऱ्या खळ्यात पडत होत्या. आबोलीही फुलली होती, आता काकी ती खुडत नव्हती.

इकडचं तिकडचं झालं. मग तिने विचारलं, "त्या दिवशी तो खंय गेलेलो गो?"

मी म्हटलं, "बाजाराक."

"बाजार बुधवारचो," काकी म्हणाली. "तो गेलो शुक्रवारी."

 बुधवारचा बाजार मला ठाऊक नव्हता का? दर बुधवारी काकी कुडाळला जायची आणि मी तिच्याकडून दोऱ्याची रिळं मागवायची.

"सव्वीस वर्सां बोटीर," ती म्हणाली. "तेका आपल्या बाजाराचो वार तरी खंय म्हायत?"

"मगे तुमी तेंका विचारलास कित्याक नाय?"

"इलो ना तो," काकी म्हणाली. "हातात आबोली होती."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, एवढी मोठी पेटी, पण ती अगदी तिच्या कडेला बसली आहे, अंग चोरून, दुसरी बाजू मोकळी ठेवून. तिथल्या गंजावर पानगळ साचली होती, ती तिने झाडली नव्हती. मला ती बस म्हणाली नाही. मीही उभीच राहिले.